लाओलाओचं ग्रीनकार्ड

अमेरिकेत राहून इथलं नागरिकत्व घेतलेल्या प्रत्येक भारतीय माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "आईवडिलांचं ग्रीनकार्ड केलंस की नाही?" विचारणाऱ्याच्या आवाजात चौकशी कमी आणि हजेरी जास्त असते. केलं असेल तर तुम्ही श्रावणबाळ, नसेल तर.. असो. (आत्या, तू हे वाचणार आहेस हे मला ठाऊक आहे. राग नाही, पण गेल्या दिवाळीत तू जे विचारलंस त्याचं उत्तर फोनवर देता येण्यासारखं नव्हतं. म्हणून हा लेख.)

माझं मत आधीच सांगून टाकते. ज्यांचं घर, मैत्रिणी, डॉक्टर, भाजीवाला सगळं मायदेशात आहे, अशा आईवडिलांना आपण होऊन ग्रीनकार्ड घेऊन देऊ नये. त्यांनी स्वतः मागितलं तर जरूर द्यावं. हे मत मी देशी कुटुंबं बघून बनवलेलं नाही. ते बनलं आमच्या शेजारच्या चिनी घरामुळे. फ्रीमाँटमध्ये आम्ही आणि ते वीस वर्षं कुंपणाला कुंपण लावून राहतो आहोत. तिला विचारूनच लिहिते आहे. "लिही, फक्त नावं घालू नकोस," म्हणाली. तेव्हा नावं नाहीत. तिच्या आईला मात्र सगळी मुलं 'लाओलाओ' म्हणतात, म्हणजे आईची आई, आणि वडिलांना 'लाओये'. आमच्या घरातही त्या दोघांना हीच नावं पडली, तीच वापरते.

माझी शेजारीण १९८८ मध्ये त्येनजिनहून इथे एमएस करायला आली. पुढच्याच वर्षी तिआनानमेनचं प्रकरण झालं आणि इथे शिकणाऱ्या चिनी मुलांना परत पाठवायचं कसं, असा प्रश्न उभा राहिला. १९९२ मध्ये अमेरिकन काँग्रेसने त्यांच्यासाठी वेगळा कायदा केला. ५ जून १९८९ ते ११ एप्रिल १९९० या काळात जे चिनी नागरिक अमेरिकेत होते त्यांना ग्रीनकार्डचा अर्ज करता आला. पन्नास हजारांहून जास्त लोकांना कार्डं मिळाली, त्यात ही एक. गंमत म्हणजे सरकारने ही कार्डं फुकट दिली नव्हती. पुढची कित्येक वर्षं चीनच्या वार्षिक कोट्यातून दरवर्षी हजारापर्यंत कार्डं त्यापोटी वळती होत राहिली. म्हणजे हिला मिळालेल्या कार्डाची किंमत मागून येणाऱ्या कुठल्यातरी अनोळखी चिनी माणसाने रांगेत उभं राहून मोजली. ती हे सांगते तेव्हा हसते, पण तेवढ्यापुरतंच.

१९९९ मध्ये ती अमेरिकन नागरिक झाली आणि तिथून खरी कहाणी सुरू होते.

इथल्या कायद्यात 'कुटुंब' या शब्दाला आपल्यासारखा अर्थ नाही. नागरिक माणसाचा नवरा किंवा बायको, एकवीस वर्षांखालची अविवाहित मुलं आणि आईवडील, एवढेच 'जवळचे नातेवाईक'. यांना संख्येची मर्यादा नाही, रांग नाही. आईवडिलांना या यादीत बसवलं ते १९६५ च्या कायद्याने. बाकीचे सगळे, म्हणजे मोठी झालेली मुलं, लग्न झालेली मुलं, भाऊ, बहिणी, वेगवेगळ्या रांगांत. भावाबहिणींची रांग सर्वांत शेवटची, एफ-४. सगळ्या जगासाठी मिळून वर्षाला ६५ हजार व्हिसा, त्यात भावजय आणि भाचरंही आली. शिवाय कुठल्याही एका देशाला एकूण कोट्याच्या सात टक्क्यांच्या वर द्यायचं नाही. चीन आणि भारत यांना आणि आइसलंडला तीच मर्यादा! आजी, आजोबा, काका, मामा, आत्या तर यादीतच नाहीत. चिनी भाषेत आईचा मोठा भाऊ आणि वडिलांचा धाकटा भाऊ यांना वेगवेगळे शब्द आहेत, आपल्यासारखेच. त्या सगळ्या शब्दांचा इथल्या फॉर्मवर उपयोग शून्य.

तर २००२ मध्ये शेजारणीने आईला ग्रीनकार्ड करून दिलं. धाकटी मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती आणि दोघांच्या नोकऱ्या. हे कुणी उघड बोलत नाही, पण आईवडिलांच्या ग्रीनकार्डाच्या अर्जामागे पुष्कळदा एक बाळ असतं. पाळणाघराचे पैसे आणि आजीचा जीव यांचा हिशेब होतो आणि त्याला प्रेमाचं नाव मिळतं. प्रेम नसतं असं नाही. पण अर्जाची वेळ कोण ठरवतं ते बघा.

मुलीने आय-८६४ नावाच्या फॉर्मवर सही केली. आईचा खर्च मी करीन, दारिद्र्यरेषेच्या सव्वापट उत्पन्न माझ्याकडे आहे, असं हमीपत्र. ही नुसती तोंडदेखली सही नव्हे. आई नागरिक होईपर्यंत, किंवा इथे साधारण दहा वर्षांच्या कामाचा हिशेब भरेपर्यंत, किंवा कायमची परत जाईपर्यंत, किंवा मरेपर्यंत ती जबाबदारी राहते. आणि म्हाताऱ्या माणसांना पूर्वी जो सरकारी मासिक भत्ता मिळायचा तो नव्याने येणाऱ्यांसाठी १९९६ च्या कायद्याने बंद झालाच होता. मेडिकेअरही पैसे भरून घ्यायचं तर पाच वर्षं इथे सलग राहायला हवं. तोपर्यंत खाजगी विमा शोधा, नाहीतर देवाचं नाव घ्या.

लाओये मात्र आले नाहीत. म्हणजे पाहुणे म्हणून आले, राहिले, गेले. पण कार्ड नको म्हणाले. ते कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, सकाळी पाण्याकाठी पतंग उडवणारे. (साठीच्या पुढचे पुरुष तिथे खरोखर पतंग उडवतात, मुलं नाहीत.) त्यांचं म्हणणं, मला बोलता येत नाही, गाडी येत नाही, तिथे मी कोण? प्रश्न बरोबर होता. पण त्यामुळे सत्तरीला टेकलेलं एक जोडपं दोन देशांत राहायला लागलं.

चिनी लोकांत एक शब्द आहे, 'यीमिन ज्येन'. इमिग्रेशनचा तुरुंग. कार्ड टिकवण्यासाठी किंवा नागरिकत्वाचे दिवस भरण्यासाठी परदेशात काढायचा काळ. 'तुरुंगात बसलोय' असं सरळ म्हणतात. आपल्याकडे असा शब्द नाही, पण वस्तू आहे. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात तर परत येताना विमानतळावर तुमची नव्याने तपासणी होऊ शकते. वर्षाहून जास्त राहिलात तर नुसतं कार्ड दाखवून आत येता येत नाही. त्यासाठी आधी परवाना काढावा लागतो, तोही अमेरिकेत हजर असताना अर्ज करून. आणि 'वर्षातून एकदा येऊन पंधरा दिवस पाय लावून जायचं, कार्ड शाबूत राहतं' हा जो सल्ला आपल्याकडे आणि त्यांच्याकडे सारख्याच आत्मविश्वासाने दिला जातो तो चुकीचा आहे. कार्ड 'इथे राहणाऱ्या' माणसासाठी आहे, येऊन जाणाऱ्यासाठी नाही, आणि अधिकाऱ्याने विचारलं तर राहत असल्याचं दाखवावं लागतं.

लाओलाओच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर एक कॅलेंडर होतं. त्यावर लाल पेनाने आकडे. मला आधी वाटलं औषधांचे. ते दिवस होते. एप्रिलमध्ये जाते, सप्टेंबरच्या अखेरीला परत, म्हणजे १६०-१६५. लाओयेचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ऑक्टोबरमध्ये ठरलं तर तारीख पुढेमागे कशी करायची याचा हिशेब. नवऱ्याच्या डोळ्याचा आणि कार्डाचा.

माझी आई तेव्हा व्हिजिटर व्हिसावर यायची, सहा महिने राहून जायची. दोघी बागेत एकाच बाकावर बसायच्या. एकीला मराठी, दुसरीला चिनी, इंग्रजीचे शब्द दोघींचे मिळून तीस-चाळीस. आईने करंज्या दिल्या की तिकडून ज्याओझ यायचे. आकार तोच, आत मात्र डुकराचं मांस. एकदा घोटाळा होता होता राहिला, मग लाओलाओ आईसाठी मुद्दाम अंडं आणि कांद्याच्या पातीचे करायला लागल्या. आई म्हणायची, "अंडं चालतंय गं मला, पण पुण्यात सांगू नकोस." सांगितलं बघा :)

आता भावाचं. लाओलाओंचा मुलगा, शेजारणीचा धाकटा भाऊ, त्येनजिनलाच. त्याचं लग्न झालेलं. ग्रीनकार्डवाली आई लग्न झालेल्या मुलासाठी अर्जच करू शकत नाही, त्यासाठी तिने नागरिक व्हायला हवं. म्हणून मग बहिणीने २००४ मध्ये एफ-४ चा अर्ज टाकला. भाचा तेव्हा अकरा वर्षांचा. एकुलता एक, अर्थात. तिकडे तेव्हा दुसरं मूल होऊ देत नसत.

दरम्यान लाओलाओंवर सगळ्यांनी नागरिक होण्याचा धोशा लावला. पाच वर्षं झाली होती. नागरिक झाल्या की मुलासाठी आणखी एका रांगेत अर्ज टाकता येईल, कार्डाचे दिवस मोजावे लागणार नाहीत, भत्त्याचं दार उघडेल. सगळं खरं. पण परीक्षा इंग्रजीतून. पंचावन्नच्या वर वय आणि कार्ड मिळून पंधरा वर्षं झालेली असली तरच आपल्या भाषेतून देता येते. त्या साठीत आलेल्या, म्हणजे सत्याहत्तर होईपर्यंत थांबायचं. प्रौढांच्या इंग्रजीच्या वर्गाला त्या दोन वर्षं गेल्या. मग एके दिवशी वह्या बांधून ठेवल्या. मुलीला वाटलं, इंग्रजी जमत नाही म्हणून. कारण दुसरं होतं. चीनच्या १९८० च्या नागरिकत्वाच्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. परदेशात स्थायिक झालेल्या माणसाने आपणहून तिकडचं नागरिकत्व घेतलं की चीनचं आपोआप जातं. आपलंही जातं, पण आपल्याकडे निदान २००५ पासून ओसीआय कार्ड आहे. चीनकडे तसलं काही नाही. माजी चिनी माणूस आपल्याच आईला भेटायला जातो तो व्हिसा काढून, क्यू नावाच्या वर्गातला, 'नातेवाईकांना भेटणे' या कारणासाठी. परदेशी लोकांसाठीचं कायम निवासाचं कार्ड आहे २००४ पासून, पण ते मिळणं सोपं नाही. लाओलाओंचं म्हणणं एवढंच होतं, "नवऱ्याच्या घरी जायला मी व्हिसा काढू?"

पेन्शन हाही मुद्दा होता. ती तिकडची, आणि दरवर्षी आपण जिवंत असल्याचं सिद्ध करायचं. आपला हयातीचा दाखला! माझी आई नोव्हेंबरात बँकेत जाते तसंच. आता तिकडे फोनवर चेहरा दाखवून होतं, तेव्हा कागद लागायचे. आईला हे कळलं तेव्हा दोघींना इतकं हसू आलं होतं.. भाषा नसताना हा विनोद एकमेकींना कसा कळला, मला आजही कळलेलं नाही.

भाच्याची गोष्ट मला यात सगळ्यांत जास्त टोचते. एफ-४ मध्ये भावाबरोबर त्याचं मूल येऊ शकतं, पण ते एकवीस वर्षांखालचं आणि अविवाहित हवं. २००४ चा अर्ज, नंबर लागला तो २०१८ च्या सुमारास. मुलगा पंचवीस वर्षांचा. संपलं? नाही. २००२ मध्ये मुलांच्या वयाबद्दल एक कायदा झाला. त्याप्रमाणे तुमचा अर्ज कचेरीत मंजुरीविना जितके दिवस पडून होता तितके दिवस मुलाच्या वयातून वजा होतात. यांचा अर्ज पाच वर्षांवर पडून होता. पंचवीसमधून पाच गेले, वीस! म्हणजे कचेरीने झटपट काम केलं असतं तर पोरगा बाद झाला असता, आणि फाईल धूळ खात पडली म्हणून तो कायद्याने वीस वर्षांचा राहिला. पंचवीस वर्षांचा, नोकरीला असलेला, दाढी करणारा विशीतला मुलगा. ज्यांना हे वजाबाकीचं भाग्य लाभलं नाही अशांचा दावा २०१४ मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टात हरला. त्यांच्या मुलांना पुन्हा पहिल्यापासून रांगेत उभं राहावं लागलं.

पण तो वीस वर्षांचा राहिला तरी अविवाहित राहिला नव्हता. दोन वर्षं आधी लग्नाचं ठरलं तेव्हा घरात मोठा वाद झाला. आत्याचं, म्हणजे माझ्या शेजारणीचं म्हणणं, दोन वर्षं थांब, नंबर आलाच आहे. मुलीच्या घरचे थांबायला तयार नव्हते, आणि का थांबावं त्यांनी? त्याने लग्न केलं. झालं, यादीतून नाव गेलं. भाऊ-भावजयीचा नंबर लागला तेव्हा त्यांनीही जायचं नाही असं ठरवलं. एकुलता एक मुलगा इथे, आम्ही तिथे जाऊन काय करू? चौदा वर्षांच्या रांगेचा असा शेवट झाला. शेजारीण तेव्हा माझ्याकडे येऊन बसली होती. भावावर चिडली होती. चौदा वर्षं मी त्यांच्यासाठी.. वगैरे. मी ऐकून घेतलं. मनात म्हटलं, त्यांनी चौदा वर्षं तिच्यासाठी हो म्हटलं, असंही असेल. आज एफ-४ चा नंबर लागणाऱ्या लोकांचे अर्ज सतरा वर्षांहून जुने आहेत. पाच वर्षांच्या पोराला धरून रांगेत उभं राहायचं आणि त्याच्या मिशा फुटल्यावर दार उघडायचं, हे ज्या व्यवस्थेत घडतं तिला 'कुटुंबं एकत्र आणण्याची' व्यवस्था म्हणायला माझी जीभ वळत नाही.

हे नवीन नाही, म्हणा. चिनी लोकांच्या बाबतीत तर मुळीच नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत एंजल आयलंड नावाचं बेट आहे. फेरीने जाता येतं. आमची मुलं शाळेत होती तेव्हा दोन्ही घरं मिळून गेलो होतो. १९१० ते १९४० या काळात तिथे इमिग्रेशनची छावणी होती. चिनी मजुरांना १८८२ च्या कायद्याने बंदीच होती, पण व्यापाऱ्यांची बायकामुलं आणि अमेरिकन नागरिकांची मुलं येऊ शकत. १९०६ च्या भूकंपात आणि आगीत शहरातल्या जन्माच्या नोंदी जळाल्या, आणि मग पुष्कळ चिनी लोकांनी सांगितलं की आमचा जन्म इथलाच. तसे नागरिक झाल्यावर चीनमध्ये इतके मुलगे आहेत असं लिहून द्यायचं आणि त्या कागदी मुलग्यांच्या जागा नातेवाईकांना, गावकऱ्यांना, पैसे देणाऱ्यांना द्यायच्या. सरकारला हे माहीत होतं, म्हणून बेटावर उलटतपासणी. तुमच्या घराला पायऱ्या किती? विहीर कुठल्या बाजूला? शेजारच्या घरात कोण राहतं? बापाची आणि मुलाची उत्तरं जुळली नाहीत की परतीचं जहाज. यात खरे मुलगेही अडकत. सख्ख्या मुलाला तरी घराच्या पायऱ्या कुठे पाठ असतात?

वोंग किम आर्क हे नाव इथल्या वर्तमानपत्रांत पुन्हा यायला लागलं आहे, कारण जानेवारी २०२५ मध्ये जन्मसिद्ध नागरिकत्वाबद्दल अध्यक्षांचा आदेश निघाला आणि त्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला हा स्वयंपाकी. त्याच्याच खटल्यात १८९८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं की इथे जन्मलेलं मूल अमेरिकन नागरिक. आणि त्याचाच थोरला मुलगा १९१० मध्ये चीनहून आला तेव्हा जबान्या जुळत नाहीत म्हणून त्याला आत घेतलं नाही! बंदी उठली १९४३ मध्ये, तीही चीन युद्धात दोस्त होता म्हणून, आणि वर्षाला १०५ लोकांपुरती. आपल्याला १९४६ मध्ये शंभर मिळाले. तेव्हा फार फुगायला नको.

त्या छावणीतल्या भिंतींवर कैद्यांनी चिनीत कविता कोरल्या आहेत. लाओलाओ तिथे बराच वेळ वाचत उभ्या राहिल्या. नातवाने विचारलं, काय लिहिलंय? त्या म्हणाल्या, घरी जायचंय असं लिहिलंय. बस्स.

आणि मग २०२० आलं.

त्या वर्षीच्या वसंतात लाओलाओ जायच्या होत्या, ते राहिलंच. २८ मार्चपासून चीनने परदेशी नागरिकांचे व्हिसे, दहा दहा वर्षांचेसुद्धा, स्थगित केले. (असले दहा वर्षांचे व्हिसे दोन्ही देशांनी एकमेकांच्या लोकांना २०१४ पासून द्यायला सुरुवात केली होती. त्याने कितीतरी घरांचं जगणं सोपं झालं होतं.) नोव्हेंबरात लाओयेंना स्ट्रोक झाला. माझी शेजारीण अमेरिकन नागरिक, त्यामुळे तिला रस्ता बंद. तातडीच्या कारणाने व्हिसा मिळायचा म्हणे, तिला नाही मिळाला. कार्डावर 'एलियन' म्हणून नोंद असलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या, ऐंशी वर्षांच्या लाओलाओंकडे मात्र चीनचा पासपोर्ट होता. ज्या नागरिकत्वासाठी आम्ही सगळेच त्यांच्या मागे लागलो होतो, ते त्यांनी घेतलं नव्हतं म्हणून त्या जाऊ शकल्या. आठवड्यातून मोजकी विमानं, तिकीट पाचपट, निघण्याआधी दोन प्रकारच्या चाचण्या, शांघायला उतरून चौदा दिवस हॉटेलच्या खोलीत एकटं. मुलीने बॅगेत मास्क, ढालीसारखं प्लास्टिक आणि चिनीत लिहिलेले कागद भरले. मी आल्याच्या वड्या दिल्या. दुसरं काय देणार?

त्या पोचल्या. लाओये त्यानंतर साडेतीन महिने होते. भाऊ-भावजय-भाचा तिथे होतेच, तेच, जे अमेरिकेला आले नाहीत. अंत्यविधी शेजारणीने फोनच्या पडद्यावर पाहिला, रात्री तीन वाजता, शेजारी नवरा आणि दोन्ही मुलं. चीनची दारं ८ जानेवारी २०२३ ला उघडली, तेव्हा ती वडिलांच्या अस्थींपाशी जाऊ शकली. पावणेदोन वर्षं उशिरा, व्हिसा घेऊन.

लाओलाओंचं कार्ड तोवर निकालात निघालं होतं. वर्षाच्या कितीतरी पुढे गेल्या होत्या. परत येण्यासाठी खास व्हिसा मागता येतो, कारण माझ्या हातात नव्हतं हे दाखवून. मुलीने फॉर्म पाठवला. त्यांनी तो भरला नाही. उलट कार्ड सोडून देण्याचा जो फॉर्म असतो तो मागवून सही करून दिला. आता त्येनजिनला मुलाच्या खालच्या मजल्यावर राहतात. पंच्याऐंशी वर्षांच्या आहेत. मुलगी वर्षातून दोनदा जाते.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, बघ, महामारीत व्हिजिटर व्हिसावाल्या आईवडिलांना उलट इकडे येताच आलं नाही, आणि ग्रीनकार्डवाले येऊ शकले. खरं आहे. ३१ जानेवारी २०२० ला अमेरिकेने चीनमधून येणाऱ्या परदेशी लोकांना बंदी घातली, त्यातून नागरिक आणि ग्रीनकार्डवाले वगळले होते. आपल्या ओसीआयचीसुद्धा काही आठवडे किंमत शून्य झाली होती, विसरू नका. कागद कधी कामाला येईल हे आधी सांगता येत नाही, हे मला मान्य. आणखी एक गोष्ट मान्य करते, आणि ही जास्त जड आहे. १९८० नंतर जन्मलेले जे चिनी लोक आज इथे आहेत ते बहुतेक एकुलते एक. त्यांचे आईवडील तिकडे खरोखर एकटे आहेत, खालच्या मजल्यावर राहायला दुसरा मुलगाच नाही. माझ्या ऑफिसातला असा एक जण आहे, त्याला 'आईवडिलांना तिथेच राहू दे' असं सांगण्याची माझी छाती नाही. त्याच्या बाबतीत कार्ड हीच सोय.

पण तिथेही माझं म्हणणं एवढंच, की आधी त्यांना विचारा. विचारा म्हणजे 'आई, अर्ज टाकलाय, फोटो काढून पाठव' असं नव्हे. काय काय सोडावं लागेल ते सांगून विचारा. वर्षाचे किती दिवस इथे बसावं लागेल. विमा पाच वर्षं कसा असेल. गाडी न चालवता या गावात दूध आणायलाही जाता येत नाही. तिकडचं घर, पेन्शन, चीनमध्ये असाल तर हुकोउची नोंद (परदेशी स्थायिक झालेल्याने ती रद्द करायची असा नियम आहे, आणि तिच्यावर बाकी बरंच अवलंबून असतं), याचं काय होईल. दुसऱ्या मुलाचं काय. आणि दोघांपैकी एकाला यायचं आणि एकाला नाही असं निघालं तर? लाओये 'नको' म्हणाले तेव्हा तो हट्टीपणा समजला गेला. अठरा वर्षं ते जोडपं त्या एका कार्डाभोवती फिरत राहिलं, आणि कुणीच वाईट वागलेलं नव्हतं.

आत्या, तर माझं उत्तर असं. आईला मी २०१२ मध्ये विचारलं होतं, माझं नागरिकत्व झालं त्याच वर्षी. ती म्हणाली, "मला तुझ्याकडे यायला आवडतं. तुझ्याकडे राहायला आवडेल असं मी कधी म्हटलं?" त्यानंतर मी तो विषय काढला नाही. दादा म्हणतो आईची जबाबदारी एकट्यावर पडते. ते खरं आहे, आणि त्याबद्दल आम्हा दोघांत वेगळं बोलणं चालू आहे, पैशाचंही आणि मी वर्षातून किती महिने पुण्याला येऊन राहू शकते याचंही. माझं काम आता लॅपटॉपवरून होण्यासारखं आहे.

आईचा दहा वर्षांचा व्हिजिटर व्हिसा २०२७ मध्ये संपतोय. नवा काढायचा का, म्हणून परवाच विचारलं. म्हणाली, "काढ, पण आधी तू ये. आणि त्या बाईंना विचार, अजून कांद्याच्या पातीचे करतात का ते." शेजारणीला हे सांगितलं. तिने तिथल्या तिथे आईला फोन लावून विचारलं. पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं, त्यातलं मला एवढंच सांगण्यात आलं की हो, करतात, पण हल्ली पाती सून चिरून देते.